इंग्रजीचे सर, इंग्रजीच्या बाई व्हायचं असेल तर

शिक्षकाची पात्रता ठरवणारी टीईटी आणि शिक्षक भरतीची टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. हे वाक्य मी वर्षातून दहा वेळा तरी कुणाला ना कुणाला सांगते. परवा आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी जिन्यात भेटली. इंग्रजी घेऊन बीए झाली आहे, हुशार आहे. म्हणाली, "काकू, टेटचा फॉर्म निघाला की भरते, मग बीएडला नंबर लागेल ना?" तिची तरी काय चूक? सीईटी, टीईटी, सीटीईटी, टेट ही चार नावं सारखी कानावर पडतात, क्लासवाले चारही एकाच पोस्टरवर छापतात, आणि कुठली कशासाठी हे कुणी समोर बसवून सांगत नाही.

मी परळच्या बाजूला मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. सोळा वर्षं झाली. दरवर्षी आमच्याकडे बीएडचे छात्राध्यापक येतात. त्यातल्या इंग्रजीवाल्यांचे पाठ बघायला मी मागच्या बाकावर बसते, त्यामुळे हा सगळा रस्ता दरवर्षी नव्याने डोळ्यांखालून जातो. तिला जिन्यात उभ्या-उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर सांगते.

आधी इयत्तांची विभागणी डोक्यात पक्की करा. मुंबईतली बरीच हायस्कुलं पाचवी ते दहावी अशी चालतात, पण नियमांच्या दृष्टीने ती एकसंध नसतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीला लागू आहे. नववी-दहावी त्याच्या बाहेर. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, त्या कायद्यातून आली, म्हणून ती आठवीपर्यंत शिकवणाऱ्यांना लागते. नववी-दहावीच्या पदाला पदवी आणि बीएड लागतं, टीईटीची अट नाही. अकरावी-बारावीला इंग्रजीत एमए आणि सोबत बीएड. एवढं समजलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता पहिली पायरी. बीएडला प्रवेश घ्यायचा तर पदवीला किंवा पदव्युत्तरला खुल्या प्रवर्गातून किमान ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. इंग्रजी शिकवायचं तर पदवीला इंग्रजी विषय असणं महत्त्वाचं. बीकॉम झालेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं मला विचारतात की आम्हाला का नाही. भरतीच्या वेळी तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही, पदवीचा विषय बघतात. तेव्हा पुढे दोन वर्षं घालवण्याआधी आपल्या पदवीवर कुठला अध्यापन विषय मिळतो, हे कॉलेजात जाऊन विचारून घ्या.

प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची बीएड सीईटी द्यावी लागते. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ४० प्रश्न मानसिक क्षमतेवर, ३० सामान्य ज्ञानावर, ३० शिक्षक अभिक्षमतेवर. यात इंग्रजीची कसोटी कुठेच नाही हे लक्षात आलं असेल. ती वेगळ्या परीक्षेत आहे. तिला ईएलसीटी म्हणतात, ५० गुणांची असते, आणि इंग्रजी माध्यमाच्या बीएड कॉलेजात जायचं असेल तर ती द्यावीच लागते. फॉर्म भरताना हा एक चौकोन रिकामा सोडल्यामुळे ऐन प्रवेशाच्या वेळी अडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. इंग्रजी शिकवायचं ठरलं असेल तर तो चौकोन भराच. त्यानंतर कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, पसंतीक्रम आणि कागदपत्रांची पडताळणी. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेळेत अर्ज करा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, तिथे फार दिवस जातात.

मुंबईत पर्याय बरेच आहेत. धोबीतलावला सरकारी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज आहे, जे २०१९ पासून होमी भाभा राज्य विद्यापीठात आलं. चर्चगेटला सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, कुलाब्याला बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज, विद्याविहारला सोमय्या. उपनगरांत आणखी कितीतरी. नावावरून निवड करू नका असं मी म्हणणार नाही, नावालाही अर्थ असतो. पण कॉलेज बघायला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. तुमचे सरावपाठ कोणत्या शाळांत होतात? आणि मेथड मास्टर, म्हणजे तुमच्या विषयाची अध्यापन पद्धती शिकवणारे प्राध्यापक, पाठाला पूर्ण तास बसतात का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला, तर मी तरी दुसरं कॉलेज बघेन.

कारण बीएडमधलं सगळं मोलाचं त्या सरावपाठांतच आहे. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं, आधी ते एका वर्षात उरकायचं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, वाढवलेला काळ मुख्यतः शाळेसाठी ठेवला. दोन वर्षांत मिळून २० आठवडे आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. तासिकांना ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. म्हणून 'कॉलेजला न येता बीएड' अशी जाहिरात दिसली की पाठ फिरवा. दूरशिक्षणाचं बीएड आहे, पण ते आधीच प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसाठी, ताज्या पदवीधरांसाठी नव्हे. एका वर्षी आमच्याकडे एक मुलगा आला तो फक्त सह्या घ्यायला. "मॅडम, आमच्या कॉलेजात असंच चालतं," असं अगदी सरळपणे म्हणाला. मी सह्या दिल्या नाहीत. त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. फी त्याच्या घरच्यांनी भरली होती, आणि त्या फीच्या बदल्यात जे मिळायला हवं होतं, तेच त्याला कुणी देत नव्हतं.

बीएडमध्ये शिकवतात काय? मानसशास्त्र आहे, मूल कसं शिकतं ते आहे, शिक्षणाचं समाजशास्त्र, मूल्यमापन, समावेशक शिक्षण हे सगळं आहे, आणि ते वाचलंच पाहिजे. तुमच्या विषयाची अध्यापन पद्धती वेगळी असते. पण पहिला खरा धक्का बसतो सूक्ष्म अध्यापनात. पाच-सात मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, किंवा विषयप्रवेश, किंवा फलकलेखन. समोर विद्यार्थी म्हणून तुमचेच वर्गमित्र. पाठ झाला की लगेच त्यावर चर्चा, मग तोच पाठ सुधारून पुन्हा. एरवी कुणी बोलताना आपण प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतो हे मोजत नाही. इथे मोजतात. बहुतेक जण दोन सेकंदसुद्धा थांबत नाहीत, स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हे कुणीतरी घड्याळ लावून दाखवल्याशिवाय कळत नाही.

मग पाठ टाचण. उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, मूल्यमापन असे रकाने आखून प्रत्येक पाठाचं टाचण लिहायचं. मुलं याला कंटाळतात. मीही कंटाळले होते. आज सांगते, 'विद्यार्थीकृती' हा रकाना सगळ्यात नीट भरा. तिथे 'विद्यार्थी ऐकतात' असं चारदा लिहिलं गेलं असेल, तर तो इंग्रजीचा पाठ नाही, इंग्रजीविषयीचं भाषण आहे. तीस-पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलं असतात. त्यातल्या किती जणांच्या तोंडून एक तरी इंग्रजी वाक्य निघालं, एवढं मोजा.

इंग्रजी येणं आणि इंग्रजी शिकवता येणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते सांगायला गेल्या वर्षीचा एक प्रसंग पुरे आहे. आमच्याकडे आलेली एक छात्राध्यापिका, इंग्रजी उत्तम. नववीच्या वर्गात साधा भूतकाळ घेत होती. एका मुलाला फळ्यावर बोलावलं, "तू कुठे गेलास?" याचं इंग्रजी लिही म्हणाली. त्याने लिहिलं, 'व्हेअर डिड यू वेन्ट?' तिने 'वेन्ट' खोडलं, 'गो' लिहिलं, "डिड के बाद फर्स्ट फॉर्म," असा नियम सांगितला आणि पुढे गेली. मुलगा खाली बसला. दोन मिनिटांनी दुसऱ्या मुलीने 'डिड यू सॉ' लिहिलं.

तास संपल्यावर मी तिला विचारलं, "त्याने 'वेन्ट' का लिहिलं असेल?" ती म्हणाली, "बाई, नियम पाठ नाही त्याचा." मी म्हटलं, मराठीत बघ. 'तू गेलास' याचा प्रश्न करायचा तर आपण काय करतो? शेवटी 'का' लावतो. 'तू गेलास का?' 'गेलास' जसंच्या तसं राहतं, भूतकाळ क्रियापदातच असतो. मुलगा मराठीत विचार करतोय. त्याच्या लेखी 'डिड' म्हणजे आपला 'का', फक्त पुढे आणून ठेवलेला. मग 'वेन्ट'ला हात लावायचं कारणच काय? त्याचा तर्क चोख आहे. इंग्रजीत काय वेगळं घडतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. तिथे 'डिड' येतो तो नुसता प्रश्न घेऊन येत नाही, क्रियापदातला भूतकाळही स्वतःकडे ओढून घेतो.

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूचे मोठे कागद कापून आणले. तीन मुलं पुढे उभी केली: एकाच्या हातात 'यू', दुसऱ्याच्या हातात 'वेन्ट', तिसऱ्याच्या हातात 'होम'. चौथी मुलगी 'डिड'चा कागद घेऊन दारातून आली, रांगेच्या पुढे उभी राहिली आणि 'वेन्ट'वाल्याकडे हात पुढे केला. त्याने 'वेन्ट' तिला देऊन टाकला, आणि त्याच्या मागे दडवलेला 'गो' वर आला. वर्गात एकच गलका झाला. मग 'सॉ', 'एट', 'केम' अशी क्रियापदं मुलांनीच सुचवली. मागच्या बाकावरची दोन मुलं, जी वर्षभर माझ्याकडे बघतही नव्हती, कागद धरायला पुढे आली. त्या दिवशी मी तिच्या निरीक्षण वहीत जे लिहिलं, ते मनापासून लिहिलं.

अशा जागा ओळखता येणं, हे इंग्रजीच्या शिक्षकाचं खरं शिक्षण. आणखी एक देते. मराठीत 'मी कालच आलोय' हे अगदी शुद्ध, रोजचं वाक्य आहे. म्हणून मूल बिनधास्त 'आय हॅव कम यस्टरडे' म्हणतं. इंग्रजीत 'हॅव' लावलं की 'काल' चालत नाही. किंवा उच्चार घ्या. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, लिहायला एकच अक्षर, पण ज दोन वेगळे, आणि पाचवीतलं पोरही ते चुकत नाही. म्हणजे ऐकून फरक करणारा कान त्याच्याकडे आहेच. 'झू' आणि 'ज्यू' शिकवताना तिथूनच सुरुवात करा. मराठी ही इंग्रजीच्या तासाला अडचण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी नेहमी भांडते. मराठी नीट माहीत असलेला शिक्षक मुलाची चूक ऐकताच ती कुठून आली हे सांगू शकतो.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे नववीत येणाऱ्या मुलाने आठ वर्षं इंग्रजी पाहिलेलं असतं. तरी एकाच वर्गात कुणी गोष्टीची पुस्तकं वाचतं, कुणाला अक्षर जुळवता येत नाही. मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा, पुस्तक 'माय इंग्लिश कोर्सबुक'. इंग्रजी माध्यमात ती प्रथम भाषा, पुस्तक 'इंग्लिश कुमारभारती'. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि आंतरवासितेत शक्य असेल तर दोन्हींकडचे पाठ मागून घ्या. दहावीला ८० गुण लेखी, २० शाळेच्या हातात. त्या २० गुणांत मुलांना बोलतं करायची संधी असते, ती वाया घालवू नका.

बीएड झालं, आता नोकरी. इथे टीईटी आणि टेट पुन्हा येतात.

टीईटी पात्रता ठरवते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ती घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी, प्रत्येकी १५० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, राखीवला ५५. पेपर दोनमध्ये ६० गुणांचा भाग गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र असा निवडायचा असतो. भाषेच्या शिक्षकाला दोन्हींपैकी कोणताही चालतो. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर टिकतं, जुनी सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढली. सीटीईटी ही त्याच जातीची केंद्राची परीक्षा, सीबीएसई घेते. तुम्हाला नववी-दहावीच शिकवायची असली तरी पेपर दोन देऊन ठेवा. हायस्कूलमध्ये सहावी ते आठवीच्या गटातही जागा निघतात, आणि टीईटी नसेल तर ती जागा डोळ्यांदेखत जाते. शिवाय १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आधीच सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं, तेव्हा पन्नाशीला टेकलेले आमचे सहकारीही मुलांच्या शेजारी बसून अभ्यास करू लागले. तरुणपणी उरकलेलं बरं.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही भरतीची परीक्षा. २०० गुण, दोन तास, १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. यात पास-नापास नसतं. गुणांवरून पवित्र या सरकारच्या शिक्षक भरती पोर्टलवर क्रम लागतो, आणि अनुदानित खाजगी शाळा व महापालिकेसारख्या स्थानिक संस्थांची भरती त्यातून होते. काही जागा मुलाखतीशिवाय भरतात, काही संस्था मुलाखतीसह भरतात. मुलाखत आणि अध्यापन कौशल्याला ३० गुण असतात, तेव्हा तो बीएडचा पाठ तिथेही उपयोगी पडतो. अडचण अशी की टेट दरवर्षी होत नाही. २०१७, मग २०२३, मग २०२५. मधल्या काळात हातात बीएड असलेली मुलं नुसती थांबून राहतात, हे मला सलतं.

मुंबईबद्दल एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. पदं संचमान्यतेवर ठरतात, म्हणजे शाळेच्या पटावर. मराठी शाळांचा पट घसरतोय, आणि पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. नवीन माणूस घेण्याआधी त्यांचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या रिकाम्या जागेवर सोय, करावं लागतं. म्हणून इथे अनुदानित जागा कमी निघतात. निघाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची असतात. जानेवारी २०२३ पासून माध्यमिकला त्याचं मानधन महिना १८,००० आहे, आधी ८,००० होतं. तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी लागते, मूळ वेतन ३८,६०० पासून. ती तीन वर्षं मुंबईच्या भाड्यात कशी जातात, हे बदलापूर-विरारहून रोज येणाऱ्यांना विचारा. घरी आधी हिशोब मांडा, मग निर्णय घ्या.

विनाअनुदानित, सीबीएसई, आयसीएसई शाळा आपली भरती आपण करतात, तिथे पवित्र पोर्टल नाही. जागा जास्त निघतात, पगार शाळेगणिक बदलतो. नेमणूकपत्रात पगार, सेवेचा काळ आणि सुट्ट्या लिहून घ्या.

बारावीत असणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बीएड ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी. पदवी आणि बीएड एकत्र, चार वर्षांत. त्यासाठी एनसीईटी नावाची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा आहे. बारावीतच ठरलं असेल तर एक वर्ष वाचतं. माझ्या बिल्डिंगमधल्या मुलीसारखं आधीच बीए झालेलं असेल, तर दोन वर्षांचं बीएडच.

तिला मी सीईटीचा फॉर्म ईएलसीटीच्या चौकोनासकट भरायला लावला. मुख्याध्यापकांची परवानगी काढून सोमवारी तिला आमच्या नववी ब च्या तासाला मागच्या बाकावर बसायला बोलावलंय. येताना एक वही आण म्हटलं, आणि मी काय शिकवते ते लिहू नकोस, मुलं जी चुकीची वाक्यं बोलतील ती जशीच्या तशी उतरवून घे. तास संपला की आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसून त्या प्रत्येक वाक्याचं मराठी शोधणार आहोत.